अक्काच्या अर्जातले एक वाक्य

अक्का,

पंचवीस वर्षांत माझ्या हातून असा एकही कागद उतरला नाही, ज्याच्या माथ्यावर कोणा ना कोणाच्या 'सेवेत' असे लिहिलेले नाही. आजही हात सवयीने तिकडेच गेला आणि थांबला. तू माझी वरिष्ठ नव्हतीस आणि कनिष्ठ तर नव्हतीसच. तू माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि मला 'बापू' म्हणून हाक मारणारी उरलेली शेवटची व्यक्ती. सबब माथा कोरा ठेवून मजकुराला हात घालतो.

धारला तुझे तेरावे पार पडले. निरोप घेताना आपल्या देवासच्या मराठी मंडळाच्या पत्रिकेच्या संपादकांकडून मला सांगण्यात आले, "भाऊसाहेब, बाईंवर दोन पाने तुम्हीच लिहा, तुमच्यासारखी भाषा आता कोणाची राहिली आहे?" हे म्हणणे योग्य असल्याने मी होकार दिला. जन्म, शिक्षण, नेमणुका, बदल्या असे मुद्देही त्यांनी एका चिठ्ठीवर उतरवून दिले. ती चिठ्ठी माझ्या खिशात आहे आणि तेथेच राहील. तुझ्या नेमणुका तुझ्या सेवापुस्तिकेत आहेत. ज्याला पाहायच्या असतील त्याने तेथे पाहाव्यात. मला लिहायचे आहे ते एका वाक्याविषयी. ते वाक्य एका दफ्तरात, एका फाइलमध्ये आहे. अक्षर माझे आहे आणि खाली सही तुझी आहे.

तेथपर्यंत येण्यापूर्वी बसविषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे, कारण तुझे माझे जे काही बोलणे झाले ते बहुतांशी बसमध्येच झाले. सकाळी देवासहून सोनकच्छकडे जाणारी बस. तू खिडकीशी, मी कडेला. तू सोनकच्छच्या अलीकडे सडकेवरच्या आरोग्य केंद्रापाशी उतरायचीस, मी पुढे तहसीलीच्या व्हरांड्यात माझ्या मेजावर जायचो. बसता बसता तू विचारायचीस, "काय अर्जनवीस सरकार, आज कोणाकोणाला रडवणार?" मी म्हणायचो, "मी कोणाला रडवत नाही. जो रडत येतो, त्याचं रडणं नीट मांडून देतो." "मांडून देतोस की वाढवून देतोस?" हा तुझा पुढचा प्रश्न ठरलेला असे. कंडक्टरसुद्धा हसायचा. मी त्या वेळी खिडकीबाहेर पाहत असे. आज उत्तर देतो. वाढवूनही देत होतो, अक्का. वाढवल्याशिवाय वर कोणी वाचत नाही, असा माझा अनुभव होता.

तुझ्या कामाविषयी मला आदर होता, पण तो मी तुझ्यासमोर कधी व्यक्त केला नाही. कुक्षीला तुझी पहिली नेमणूक झाली, तेथे तुझ्याजवळ एक टॉर्च आणि एक प्रश्न, एवढीच साधने होती. डोक्याला मार लागलेला माणूस आला की तू डोळ्यांत उजेड टाकून पाहायचीस आणि विचारायचीस, "आज हाट कां को हे?" कोणत्या वारी कोणत्या गावचा बाजार, हे त्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ज्याला ते सांगता येईना, त्याला तू घरी जाऊ देत नसायचीस. "नाव सगळ्यांना आठवतं बापू," तू म्हणायचीस, "नावावरून काही कळत नाही. बाजार चुकला की समजायचं, आत काहीतरी बिनसलंय."

मग ते यंत्र आले. एका संस्थेने सडकेवरच्या काही केंद्रांना ते सहा महिन्यांच्या चाचणीसाठी दिले होते. तू इंदूरला दोन दिवसांचे शिक्षण घेऊन आलीस आणि पुढचे पंधरा दिवस बसमध्ये दुसरा विषय नव्हता. शेवटी तहसीलीला स्थानिक सुट्टी असलेल्या एका दिवशी मी तुझ्याबरोबर केंद्रापाशी उतरलो. यंत्र पाहून माझी निराशा झाली, हे नमूद करतो. मला वाटले होते, काही भव्य असेल. ते टॉर्चपेक्षा थोडेसे मोठे, मुठीत मावणारे, टोकाला दोन बोंडे आणि मागे एक लहानशी पाटी.

"बस खाली," तू म्हणालीस. "डोकं पुढे कर."

"मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच म्हणते बस. नीट असलेलं डोकंही हाताखाली यायला हवं."

तुझी सहकारी सिस्टर कमला शेजारी उभी होती. तू कपाळाची डावी बाजू घेतलीस, मग उजवी. मग दोन्ही कानशिले, कानांच्या वर, आणि शेवटी मागे. प्रत्येक वेळी डावे झाले की लगेच त्याच जागेचे उजवे. मधेच म्हणालीस, "तुझं डोकं यंत्राला फार सोयीचं आहे बापू. केस आडवे येत नाहीत." कमलाने पदराने तोंड झाकले.

"काय निघालं?" मी विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे आत काहीच नाही."

कमला आता उघड हसली. मी उठून उभा राहिलो. तू हात धरून मला पुन्हा बसवलेस. "रक्त नाही रे, वेड्या. बुद्धी मोजायचं यंत्र अजून यायचंय."

नंतर तू मला सर्व समजावून सांगितलेस, आणि मी तुला कबूल करतो की तहसीलीतल्या कोणत्याही साहेबाने मला कोणताही नियम इतक्या स्वच्छ शब्दांत समजावून दिलेला नाही. त्या बोंडांतून एक उजेड निघतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी आणि हाड ओलांडून थोडा आत जातो. आत रक्त साकळले असेल तर ते तो उजेड पिऊन टाकते आणि परत कमी येतो. यंत्र डाव्याची तुलना उजव्याशी करते. दोन्ही सारखे तर पाटीवर हिरवा दिवा, फरक पडला तर लाल. जखमेवर किंवा टेंगळावर बोंड ठेवायचे नाही, कारण बाहेरचे रक्तही यंत्राला फसवते. दाट केस असले तर कंगव्याच्या शेपटीने भांग पाडून बोंड थेट कातडीला भिडवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे तू शेवटी सांगितलेस: "फार खोलवरचं याला दिसत नाही. म्हणून हिरवा म्हणजे 'घरी जा' असं नव्हे. पण लाल म्हणजे 'आत्ता निघ'."

मी तेव्हा काय विचारले, ते आठवते तुला? मी विचारले, "यातून कागद कुठून निघतो?"

"कागद निघत नाही."

"मग उद्या कोर्टात काय दाखवशील?"

"कोर्टात जायला माणूस जिवंत असावा लागतो, बापू."

त्यानंतर काही दिवसांनी तो मोटारसायकलवाला मुलगा आला. ती हकीकत तू मला बसमध्ये त्याच्या बापाच्या आवाजात ऐकवली होतीस. मागे बसलेला मुलगा ट्रॉलीला घासून पडला. अंगावर ओरखडा नाही. बाप म्हणत होता, "कई नी हुयो बई, छोरो तो चा मांगी रियो हे." तू मुलाला हाट विचारलास, त्याने आदल्या दिवशीचा सांगितला. बाप म्हणाला, "सुट्टी में हे, ध्यान नी रे." मग तू यंत्र लावलेस. डाव्या कानाच्या वर लाल. पुन्हा लावलेस, लाल. तिसऱ्यांदा लाल. तू बापाशी वाद घातला नाहीस. यंत्राची पाटी त्याच्यासमोर धरलीस. "ये देखो भिया. इधर हरा, इधर लाल. लाल वाले के अंदर खून जम रिया है." तो माणूस उठून बाहेर गेला आणि गाडी घेऊनच आला. इंदूरला ऑपरेशन झाले. महिन्या-सव्वा महिन्याने मुलगा तुळतुळीत डोक्याने पेढे घेऊन आला, तेव्हा तू पेढा बाजूला ठेवून आधी त्याला हेल्मेटवरून फैलावर घेतलेस. बसमध्ये त्यातला एक पेढा मला मिळाला. माझ्या अर्जाने कोणाचे काम झाले म्हणजे मलाही पेढे मिळतात. पण तो पेढा खाताना माझ्या मनात जे आले, ते लिहिण्याची जागा पुढे आहे.

सहा महिने संपत आले. यंत्र पुढे कोणाकडे राहावे, हे वरच्या दफ्तराने ठरवायचे होते. एके सकाळी तू पिशवी मांडीवर घेत म्हणालीस, "बापू, एक अर्ज लिहून दे. यंत्र इथंच राहू दे, एवढंच."

मी तो अर्ज तीन दिवस लिहीत होतो. तुझे काम म्हणून इतरांची कामे मागे ठेवली. साडेतीन पाने झाली. अपघातांची सडक, गोरगरीब जनता, शासनाची उदार दृष्टी, सर्व यथास्थित आले. आणि दुसऱ्या पानावर, जेथे ते नेहमी येते तेथे, मी ते वाक्य लिहिले. माझ्या गुरूंनी मला शिकवलेले, पंचवीस वर्षांत हजारो अर्जांत घातलेले वाक्य. फक्त प्रसंगाप्रमाणे विषय बदलायचा. प्रार्थिया, म्हणजे अर्जदार बाई, अल्पशिक्षित, अल्पज्ञ आणि असहाय असून तिला सदर यंत्राचे विशेष ज्ञान नाही, ती केवळ श्रीमानांच्या कृपेवर अवलंबून आहे. मूळ हिंदीत ते याहून सुरेख वाटते. पेन्शनच्या अर्जात ते चालते, जमिनीच्या नोंदीत चालते, रेशनकार्डात चालते. अर्जदार जितका लहान, तितकी देणाऱ्याची कृपा मोठी दिसते. आणि ज्याला आपण मोठे दिसतो आहोत असे वाटते, तो सही लवकर करतो. हे आमच्या धंद्याचे ज्ञान आहे आणि ते खोटे नाही.

बसमध्ये माझ्या बॅगेवर कागद ठेवून तू सही करायला घेतलीस. "वाचू का एकदा?" तू विचारलेस.

मी म्हणालो, "तुला यातलं काय कळणार अक्का? कायद्याची भाषा आहे."

तू हसलीस आणि सही केलीस.

उत्तर दीड महिन्याने आले. तू ते बसमध्ये माझ्या हातात दिलेस आणि एका ओळीवर बोट ठेवलेस. अर्जदार बाईंना त्यांच्या स्वतःच्याच कथनानुसार यंत्राचे विशेष ज्ञान नाही. सबब ते मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या ताब्यात ठेवणे उचित होईल. आभार मानले होते. भाषा चांगली होती.

"हा अर्थाचा विपर्यास आहे," मी म्हणालो. "नम्रतेच्या वाक्याला कोणी पुरावा धरत नसतं. आपण अपील करू. पाच पानांचं."

"बापू, तू कागदावर मला अडाणी ठरवलंस. त्यांनी ते मान्य केलं. यात विपर्यास कुठं आला?"

"तो शिरस्ता आहे, अक्का."

"मग मला एक पान लिहून दे. कमला आणि मी हे यंत्र चालवतो, नीट चालवतो, आणि असं असं चालवतो. बाकी काही नको."

"स्वतःच्या अर्जात स्वतःची तारीफ? लोक हसतील."

"मी इंजेक्शन देते, हे सांगणं तारीफ आहे का?"

"नम्रतेशिवाय अर्ज उद्धट दिसतो."

"दिसू दे. माझ्या पेशंटला तुझा शिरस्ता लागू होत नाही." एवढे बोलून तू तुझ्या थांब्यावर उतरलीस. दुसऱ्या दिवशी तू पुढच्या सीटवर जाऊन बसलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी चढलो, तेव्हा शेजारच्या जागेवर तू पिशवी ठेवून ती अडवली होतीस. एक बाई बसायला आली तर तिला म्हणालीस, "जगह रोकी हुई है बेन, हमारे सरकार आ रहे हैं." मला त्या दिवशी फार बरे वाटले. आणि बरे वाटल्यामुळे मी बोलायचे ते बोललो नाही.

पुढे यंत्र मोठ्या रुग्णालयात गेले, आणि त्यानंतर तो बांधकामावरचा मिस्त्री आला. त्याविषयी मी थोडकेच लिहितो, कारण तूही थोडकेच सांगितले होतेस. परांचीवरून पाय घसरून माणूस खाली पडला, उठला, केंद्रात चालत आला. हाट बरोबर सांगितला. पण त्याचे डोके ज्या तऱ्हेने दुखत होते, ते तुला आवडले नव्हते. तू देवासला न्यायला सांगितलेस. घरच्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो धडधाकट उभा होता. ते म्हणाले, उद्या नेऊ. तुझ्या हातात त्यांच्यासमोर धरायला काही नव्हते. पहाटे तो गेला.

बसमध्ये तू एवढेच म्हणालीस, "लाल दिसला असता, तर नेलं असतं त्यांनी." माझ्याकडे पाहून म्हणाली नाहीस. समोरच्या सीटच्या दांडीकडे पाहत म्हणालीस. यंत्र असते तर त्यात लाल दिसलाच असता असे नाही, हे तूच मला शिकवले होतेस, आणि मी ते वाक्य मनात धरून ठेवले. त्या वाक्याने मला कित्येक दिवस झोप आणून दिली. त्या दिवशी देवास ते तुझा थांबा एवढ्या अंतरात मी तुला तीनदा काही सांगायला तोंड उघडले. एकदा तर तू विचारलेही, "काय रे?" मी म्हणालो, "काही नाही, ऊन लागतंय, पडदा ओढ."

तुझे दुखणे वाढले आणि भाऊ तुला धारला घेऊन गेला. मी एकदाच येऊ शकलो. तू पलंगावर बसून डाळिंब सोलत होतीस, स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी. मी काही तरी बोलायचे म्हणून बोलत होतो. तू मधेच विचारलेस, "आज बाजार कुठला?" प्रवासाच्या गडबडीत मला वारच आठवेना. तू भावाला हाक मारलीस, "अरे, बापूला आधी इंदूरला हलवा!" सगळे हसले. मग सगळे बाहेर गेल्यावर तू हळू आवाजात विचारलेस, "ते पान लिहिलंस का?"

"चालू आहे," मी म्हणालो.

चालू नव्हते. एक अक्षर लिहिले नव्हते.

"कमलाला विचार," तू म्हणालीस. "तिला सगळं येतं. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर आहे." आणि डाळिंबाची वाटी माझ्यापुढे सरकवलीस.

आता जे लिहायचे, ते जड आहे, पण क्रमाने आले आहे. ते वाक्य मी निव्वळ शिरस्त्याने लिहिले का? हा प्रश्न मी स्वतःला तू गेल्यापासून विचारतो आहे. मी नववीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण तहसीलीच्या व्हरांड्यात झाले. ज्या वर्षी मी शाळा सोडली, त्याच वर्षी तू नर्सिंगच्या शिक्षणाचा फॉर्म घेऊन आमच्या घरी आलीस आणि म्हणालीस, "बापू, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तू भर." माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. त्यात मी लिहिले होते, ही मुलगी हुशार आहे, हिला रक्त पाहून चक्कर येत नाही, हिला घ्यावे. तुला घेतले. त्या दिवसापासून मला वाटू लागले की माझ्या लेखणीत काही आहे. माझे जे काही नाव झाले, त्याचा उगम तुझ्या त्या फॉर्ममध्ये आहे, आणि याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

पण त्याच दिवसापासून तू शिकलेली आणि मी न शिकलेला, हेही सुरू झाले. घरात कोणी मोठ्याने बोलले नाही, तरी मला ते ऐकू येत असे. म्हणून विचारतो, की 'अल्पशिक्षित' हा शब्द तुझ्या नावापुढे लिहिताना माझा हात नेहमीपेक्षा थोडा हलका चालला का? तो पेढा खाताना मला आनंद झाला होता, हे खरे. आणि त्या आनंदाच्या शेजारी आणखी काही बसले होते, हेही खरे. त्याला नाव द्यायला मी तयार नाही. पण ते तेथे होते, आणि तू ते पाहिले असेल, कारण तू माणसाच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहणारी होतीस. पाहूनही तू शेजारची जागा अडवून ठेवलीस.

तेराव्यानंतर देवासला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रापाशी उतरलो. कमला एका बाळाला लस टोचत होती. मी बाकावर बसून राहिलो. हात धुऊन ती आली आणि म्हणाली, "आप आए तो अच्छा लगा भाईसाब. बाई आपकी बहुत बात करती थीं."

"काय बोलायची?"

"बोलती थीं, मेरे भाई की भाषा के आगे तहसीलदार भी चुप हो जाता है."

मी मग तिला विचारले, यंत्र तू कसे शिकलीस ते सांग, एकही गोष्ट न गाळता. ती आत जाऊन एक मडके घेऊन आली. त्यावर चुन्याच्या खुणा होत्या, चार डावीकडे, चार उजवीकडे. "बाई ने इसपे सिखाया. बोलीं, आँख मींच के हाथ निशान पे जाए, तब मरीज को हाथ लगाना. मैं बीस दिन मटके के साथ बैठी. मेरे घरवाले बोले, ये कौन से देवता की पूजा चल री है!" तिने डोळे मिटले आणि बोटे एकेका खुणेवर नेमकी ठेवून दाखवली. डावे, लगेच उजवे. एकही चुकले नाही. मग तिने विचारले, अगदी सहज, "ये सब आपने अर्जी में लिखा था ना?"

"नाही," मी म्हणालो. "मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं नव्हतं."

ती मडके उचलून आत ठेवून आली. मग सांगितले की एका रुग्णाबरोबर ती मोठ्या रुग्णालयात गेली होती, तेव्हा तिने यंत्र पाहिले. काचेच्या कपाटात, पेटीसकट, नवेकोरे. डोक्याचा आतला फोटो काढणारे मोठे मशीन तेथे आहेच, त्यामुळे या छोट्याचे तेथे काम पडत नाही. काम सडकेवर पडते, हे मला आता कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या दुपारी माझ्या मेजावर लोक उभे असताना मी ते पान लिहिले. एकच पान, अक्का. सिस्टर कमला हे यंत्र चालवते. ती जखमेवर बोंड ठेवत नाही. दाट केसांत कंगव्याने भांग पाडते. डाव्यापाठोपाठ उजवे घेते. लाल आल्यास दोनदा पडताळते. हिरव्यावर विसंबून कोणाला घरी पाठवत नाही. तिला हे शिकवणाऱ्या बाई आता नाहीत, पण त्यांचे शिकवणे येथे आहे. यंत्र येथे हवे. वाक्ये इतकी लहान झाली की मला ती माझी वाटेनात. दोनदा जोडायला गेलो आणि दोनदा हात आवरला. खाली कमलाची सही. सहीच्या आधी मी कागद तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "पूर्ण वाच. मोठ्याने वाच." तिने वाचला, आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "दो बार नहीं, तीन बार जाँचते हैं." मी दुरुस्ती केली.

मग त्याच्या खाली मी आणखी एक परिच्छेद जोडला. आमच्या धंद्यात लिहिणारा मजकुरात येत नाही. तो कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरांत राहतो. मी मजकुरात आलो. याच विषयाच्या पूर्वीच्या अर्जातील, अर्जदार बाईंना यंत्राचे ज्ञान नाही, हे विधान असत्य आहे. ते बाईंनी केलेले नाही, त्यांना ते वाचूही दिलेले नाही. ते लेखकाने आपल्या सवयीने घातले, आणि त्याची जबाबदारी लेखकाची आहे. खाली माझे पूर्ण नाव, बापाच्या नावासह, आणि माझी सही.

आवक खिडकीवरचा बाबू मला वीस वर्षे ओळखतो. त्याने कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"अर्जनवीसजी, ये क्या ले आए? इसमें तो आप खुद की गलती लिख रहे हो."

"हो."

"और गिड़गिड़ाना कहाँ है? एक पन्ने की अर्जी, न श्रीमान की कृपा, न कुछ."

"तेवढंच आहे."

"कल को लोग बोलेंगे, इनका लिखा उलटा पड़ता है. कौन आएगा आपके पास?"

"ज्याला यायचं तो येईल. तुम्ही शिक्का मारा, भिया."

त्याने मारला. यंत्र परत येईल का, हे मी तुला सांगू शकत नाही. आश्वासन देणे माझ्या अधिकारात नाही, आणि खोटे आश्वासन मी तुला एकदा धारला दिलेच आहे. दर सोमवारी मी त्या खिडकीवर जातो. बाबू मान हलवतो. मी पुढच्या सोमवारी येतो असे सांगून परततो.

अक्का, चूक माझी होती. मिस्त्री गेला त्या सकाळी, बसमध्ये, तू 'काय रे' म्हणून विचारलेस तेव्हा हे तीन शब्द सांगता आले असते, आणि तू बहुधा म्हणाली असतीस, "ठाऊक आहे रे, सरक तिकडे." तेवढे न जमल्यामुळे मला हे सगळे लिहावे लागले.